जप्तीबाहेरची यादी : नादारीच्या अभ्यासाला प्रस्तावना

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा बेलिफाबरोबर जप्तीला गेलो. अलिबागपासून फार लांब नाही, खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा. मी धनकोचा वकील. माझा पक्षकार बर्फ आणि डिझेल उधार देणारा व्यापारी. त्याच्या हातात पैशाचा साधा हुकूमनामा, तारण काहीच नाही. बेलीफ निवृत्तीला टेकलेला. त्याने दारात चपला काढल्या, दोन पंचांना ओटीवर बसवले आणि लिहायला सुरुवात केली. टीव्ही लिहिला. लोखंडी कपाट लिहिले, पण आधी ते रिकामे करायला लावून. टेबलफॅन लिहिला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबला, मान आत घालून एकवार पाहिले आणि कागदाला पेन न टेकवता परत फिरला. पडवीत घरधनी जाळे दुरुस्त करत बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचे टोक अडकवलेले, हातात सुई. आमच्याकडे त्याने वर मान करूनही पाहिले नाही. मी नवखा. म्हणालो, "जाळं लिहा की, त्याला चांगली किंमत येईल." बेलीफ म्हणाला, "वकीलसाहेब, साठावं कलम घरी जाऊन वाचा."

वाचलेले होते, पण परीक्षेपुरते. त्या रात्री दिवाणी प्रक्रिया संहिता पुन्हा उघडली, तर कलम 60 मध्ये जाळ्याचा शब्दच सापडेना. कारागिरांची हत्यारे आहेत. शेतकऱ्याची अवजारे, गुरे, बियाणे आहे. मच्छीमार कुठेही नाही. मग बेलिफाने कायदा वाचला होता, की पदरचा घातला होता? आपण आता ज्या विषयाच्या दारात उभे आहात तो माझ्यापुरता त्या पडवीत सुरू झाला. या, बसा. जागा बरीच मोकळी आहे. या अभ्यासाकडे आपल्याकडे फारसे कोणी फिरकत नाही.

माणूस बुडाला की त्याचे काय काय गेले याची चर्चा गावभर होते. आपला प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. सगळे देणे एकीकडे आणि सगळी चीजवस्तू दुसरीकडे मांडून जो माणूस कोर्टाला 'मला नादार ठरवा' म्हणतो, त्याच्यापाशी काय राहू द्यायचे? कोणी ठरवायचे? आणि कधी? या 'कधी'कडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आधी शब्दांपाशी जरा थांबू. 'दिवाळखोर' ही आपल्याकडे शिवीच आहे. पेढी बुडालेला सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून दिवाळे हा शब्द आला, असे सांगतात. खरे असो वा नसो, त्या गोष्टीत चव्हाट्यावरची लाज आहे. कोर्टाचा शब्द मात्र 'नादार'. फारसीतून आलेला, अर्थ एवढाच की ज्याच्यापाशी नाही तो. त्यात निंदा नाही. मी अभ्यासवर्गात पहिल्याच दिवशी मुलांना हा दुसरा शब्द वापरायला लावतो. एकदा तो जिभेवर बसला की अशिलाशी बोलण्याची तऱ्हाच बदलते.

आता कायद्याचा भूगोल, कारण अलिबागकराला तो अंगावरून गेल्याशिवाय राहत नाही. मांडव्याहून लाँचने गेटवेला तासाभरात पोचता येते. पण तेवढ्या पाण्यात नादारीचा कायदा बदलतो. मुंबई शहराला 1909 चा इलाखा शहरांचा नादारी कायदा लागू, अर्ज उच्च न्यायालयात. इकडे, जुन्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज अलिबागच्या जिल्हा न्यायालयात. त्या कायद्यात कर्जदाराला स्वतः अर्ज करायचा तर देणे किमान 500 रुपये हवे. 1920 साली हा आकडा गरिबाला दारातच अडवत होता. आज 500 रुपयांत सुरमईचा एक बऱ्यापैकी तुकडा येतो, आणि आकडा तसाच उभा आहे. कोणाच्या लक्षातच नसलेले कायदे असेच जगतात.

2016 मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी सगळी नवी व्यवस्था लिहून ठेवली आहे. जुने दोन्ही कायदे रद्द करणारे कलम 243 सुद्धा तिच्यात आहे, पण ते अजून अमलात आणलेले नाही. तिसरा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये ललितकुमार जैन खटल्यात ही निवड योग्य ठरवली. म्हणजे कंपनीला जामीन राहिलेला मोठा असामी नव्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जातो, आणि नागावचा सुपारीवाला किंवा थळचा नाखवा अजून 1920 मध्येच राहतो. नव्या संहितेत अगदी लहान कर्जदारांसाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय आहे: वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, देणे 35,000 च्या आत, आणि स्वतःचे घर नसलेला माणूस. ती कागदावरच आहे. लागू झाली तरी या अटींत बसणारा माणूस वकील कुठून करणार, हा प्रश्न उरेलच.

1920 च्या कायद्याने स्वतःची सूट-यादी केलीच नाही. कलम 28 म्हणते की माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. पण हुकूमनाम्याच्या जप्तीतून जे सुटते ते यातूनही सुटते. म्हणून सगळी वाट शेवटी दिवाणी संहितेच्या कलम 60 पाशी येते. ही यादी तशी जुनी. 1882 च्या संहितेत ती 266 व्या कलमात होती, 1908 मध्ये साठाव्यात आली. तिचे पहिले वाक्य मला आजही एखाद्या घराच्या वर्णनासारखे वाटते: कर्जदाराचे, बायकोचे, मुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीनुसार बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. देव्हाऱ्याचा शब्द कलमात नाही, याचे मला सुरुवातीला आश्चर्य वाटले होते. पुढे कारागिरांची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापुरती गुरे व बियाणे, शेतकऱ्याचे, मजुराचे आणि घरकाम करणाऱ्याचे राहते घर, मजुराची संपूर्ण मजुरी, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम. पगारदाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग. 25,000 पगार असेल तर 17,000 हाती राहतात, 8,000 जप्त होऊ शकतात. आणि एकाच हुकूमनाम्यात ही कपात एकूण 24 महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा. हे 24 महिन्यांचे शंभरातल्या नव्वद नोकरदारांना ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे.

त्याच संहितेचे कलम 62 सांगते की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी कोणाच्या राहत्या घरात शिरायचे नाही. आणि 1976 च्या दुरुस्तीने एक मोलाची गोष्ट घातली: 'मी माझी सूट सोडतो' असे कर्जदाराने लिहून दिले तरी तो करार रद्दबातल. कर्जाच्या फॉर्मवर डोळे मिटून केलेल्या सहीने माणूस आपली भांडी घालवू शकत नाही.

वाचताना एवढा दिलासा वाटतो की पुष्कळ विद्यार्थी इथेच थांबतात. थांबू नका. कारण साठावे कलम बिनतारणी धनकोपासून वाचवते. वस्तू तुम्ही स्वतः गहाण टाकली असेल, तर तिच्या बाबतीत ते बहुतेक गप्प बसते.

आपल्या बँकांत, पतसंस्थांत एक शब्द रोज वापरतात: नजरगहाण. वस्तू आपल्याच अंगणात, वापर आपलाच, पण नजर दुसऱ्याची. ज्या कोणी हा शब्द घडवला त्याला या धंद्याचे मर्म कळले होते. आज रायगडातल्या शेतकऱ्याच्या दारातला पॉवर टिलर पाहा: शेतीचे अवजार, म्हणून साठाव्या कलमाच्या सावलीत. पण तो कर्जावर घेतलेला, नजरगहाण. रिक्षावाल्याची रिक्षा तशीच. नाखव्याचे इंजिन तसेच. बायकोचे सोने सोनेतारणात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा. नादारीचा अर्ज करायला हा माणूस येतो तेव्हा मी त्याच्यापुढे साठाव्या कलमाची यादी ठेवतो आणि विचारतो, यातले काय काय मोकळे आहे? उत्तर बहुतेक वेळा 'भांडी' हे असते.

जगण्याला जे सर्वांत लागते तेच तारण म्हणून सर्वांत आधी मागितले जाते, कारण ते सुटू नये म्हणून माणूस जिवाचे रान करून हप्ता भरतो. त्यामुळे काय राखायचे हा निर्णय नादारीच्या अर्जाच्या दिवशी होत नाही. तो कर्जरोख्यावर सही करताना होऊन गेलेला असतो. या विषयातले माझे एकच म्हणणे आहे ते हे, आणि पुढच्या प्रकरणांत ते तुम्हाला निरनिराळ्या वेशांत भेटेल.

इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांच्या चौकशीतून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक नाही, हे त्याने सांगितले. फक्त पन्नास रुपये देणे असलेल्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करता येईल, अशी सोय केली. आणि शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येणार नाही असे ठरवले. मात्र त्या कर्जासाठी ती खास गहाण दिलेली नसेल तर. शेवटचे चार शब्द पाहा. सावकाराने काय केले असेल? साध्या रोख्यावर पैसे देणे कमी केले आणि गहाणखत मागू लागला, किंवा सरळ खरेदीखतच, तोंडी कबुलीवर. कायद्याने दार लावले आणि खिडकी उघडी ठेवली. पुढे 2002 च्या सरफेसी कायद्यातही तीच खिडकी: साठाव्या कलमाखाली जप्त न होणारी मालमत्ता बँकेला घेता येत नाही, पण त्या कर्जासाठी खास तारण दिलेली असेल तर येते. 2016 च्या संहितेत ती एका विशेषणात आहे. तिथे राखता येणाऱ्या मालमत्तेच्या प्रत्येक ओळीला 'बोजाविरहित' हा शब्द चिकटवलेला आहे: बोजाविरहित हत्यारे, पुस्तके, वाहने, बोजाविरहित घरसामान, बोजाविरहित दागिने, बोजाविरहित विमा, बोजाविरहित एक राहते घर.

याच्या उलट विचार कोणी केलाच नाही असे नाही, आणि त्याचा एक धागा आपल्या तालुक्यातूनच निघतो. अलिबागच्या उत्तरेला नवगावला बेने इस्रायल लोकांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. या पट्ट्यात ते घाण्यावर तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मग्रंथांत, अनुवाद या ग्रंथात, आज्ञा आहे की जात्याची तळी किंवा वरची दगडी पाळ कोणी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचे जगणेच गहाण घेणे होय. गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेच तर ते सूर्यास्तापूर्वी परत करायचे, असेही आहे. आपल्या कलम 62 मधला सूर्यास्त आणि हा सूर्यास्त यांचे नाते जोडायचा मोह होतो. पुरावा नसल्यामुळे मी तो आवरतो. पण फरक मोठा आहे. तो जुना नियम जप्तीला अडवत नाही, गहाणालाच अडवतो. आजच्या कायद्यांत या टोकाला जाणारे फार थोडे.

महाराष्ट्राने एकदा तसे केले. 1975 मध्ये, आणीबाणीत, ऋणमुक्तीचा अध्यादेश आला आणि पाठोपाठ कायदा झाला. अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर, कामगार यांची खासगी सावकारांची देणी संपवली गेली, आणि गहाण ठेवलेली जंगम वस्तू कर्जदाराला परत द्यायचे बंधन सावकारावर आले. सावकार कोर्टात गेले. 1977 मध्ये फत्तेचंद हिंमतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला; निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा, त्यांच्या खास भरजरी इंग्रजीत. तो मुळातून वाचा. त्या कायद्याच्या बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे दोघेही मला अजून भेटतात: एकाच्या आजीची पाटली परत आली होती, दुसऱ्याच्या आजोबांची पेढी बसली होती. सरकारी, सहकारी आणि बँकांची कर्जे त्यातून वगळलेली होती. आज कोळीवाड्यातले बहुतेक कर्ज त्या वगळलेल्या बाजूचेच आहे, म्हणून तसा कायदा उद्या पुन्हा आला तरी पडवीतल्या माणसाला तो पोचेलच असे नाही.

चरीचा संपही या अभ्यासात घ्यावा, असा माझा आग्रह आहे. काही सहकाऱ्यांना तो पटत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी ऑक्टोबर 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. पंचवीस गावे, सहा वर्षे. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. शेवटी 1939 चा कुळकायदा आला. ही नादारीची गोष्ट नाही, हे सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण ती काय सोडायचे आणि काय राखायचे याची गोष्ट आहेच. कुळांनी कसणे सोडले, भात सोडले. जंगलातली लाकडे विकून, खाडीत मासे धरून दिवस काढले. नादाराला एकट्याला करावी लागते ती वजाबाकी इथे पंचवीस गावांनी मिळून केली. एकट्याने केली की तिला दिवाळे म्हणतात.

मंगळसूत्राबद्दल मला दर वर्षी विचारले जाते, म्हणून इथेच सांगून टाकतो. ते जप्त होत नाही. पण घरातल्या बाकीच्या सोन्याबाबत लोक साठाव्या कलमाकडे धावतात, ते चूक. पाटल्या, गोठ, तोडे हे 'अंगावेगळे न करता येणारे' दागिने आहेत असे सांगत बसण्यापेक्षा आधी विचारा, ते कोणाचे आहेत? स्त्रीधन असेल तर ते नवऱ्याचे नाहीच. प्रतिभा राणी खटल्यात 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बाईच्या पूर्ण मालकीचे असल्याचे स्पष्ट केले. जे नवऱ्याच्या मालमत्तेत येतच नाही त्याला सूट मागायचे कारण काय? फक्त बाईने जामीनदार म्हणून सही केलेली नसावी. ती केलेली असते. सही घेणारा घरचाच असतो. वडिलांच्या कर्जाबद्दल मुलांना वाटणारी धास्तीही आता बरीच कमी करता येते: 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांसाठी, केवळ पुत्राचे धर्मकर्तव्य म्हणून हिंदू मुलावर वसुली लादता येत नाही.

नव्या संहितेच्या नियमांत, जामीनदारांपुरते, आकडे ठरले आहेत: अंगावेगळे न करता येणारे दागिने 1 लाखापर्यंत, राहते घर शहरी भागात 20 लाखांपर्यंत, ग्रामीण भागात 10 लाखांपर्यंत. मांडवा-किहीमच्या बाजूला 10 लाखांत राहते घर दाखवा म्हटले तर एजंट हसेल. मुंबईच्या पैशाने इथल्या जमिनीला जे भाव आणले त्यांनी इथल्या साध्या घरांना सूट-यादीच्या बाहेर ढकलले; घर तेच, कौले तीच, किंमत परकी. टेक्ससने 1839 मध्ये, अजून स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, राहत्या घराला सावकारापासून वाचवणारा कायदा केला, आणि आजही तिथे गावाकडच्या कुटुंबाच्या घराची सूट 200 एकरांपर्यंत क्षेत्रफळात मोजतात, पैशात नव्हे. क्षेत्रफळ बाजारभावाबरोबर वाढत नाही. आपल्याकडे साठाव्या कलमातले शेतकऱ्याचे घर किमतीवर मोजलेले नाही, हेही लक्षात ठेवा. जुन्या कायद्याने काही बाबतींत जास्त शहाणपण दाखवले आहे.

राखायच्या यादीत काय नसते याकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते. हिशेबाच्या वह्या. साध्या जप्तीत त्या सुटतात, पण नादारीत नाही. 1920 च्या कायद्याने त्या मुद्दाम सूट-यादीतून बाहेर काढल्या. कारण साधे आहे, त्या वह्यांशिवाय माणूस कसा बुडाला ते कळणार कसे? नादारीत माणसाला भांडी, अंथरूण, हत्यारे ठेवता येतात, स्वतःच्या व्यवहाराची गोष्ट मात्र स्वतःजवळ ठेवता येत नाही. एकदा एका अशिलाने सगळी चीजवस्तू निमूटपणे लिहून दिली आणि खतावणी मागताच तो रडायला लागला. त्यात उधारी घेतलेल्या पाहुण्यांची नावे होती.

तसेच, अर्जाआधीच्या घाईत लोक भलतेच राखतात. वाडी मेहुण्याच्या नावावर करतात, सोने बहिणीकडे ठेवतात, आणि ज्याच्या लग्नाला पुढच्या महिन्यात जायचे त्या नातलगाचे देणे तेवढे फेडतात. कायदा हे सगळे ओळखतो. मोबदल्याशिवाय केलेली हस्तांतरे दोन वर्षे मागे जाऊन उलटवता येतात, एका धनकोला झुकते माप दिलेले तीन महिने मागे जाऊन. मालमत्ता लपवली तर वर्षभरापर्यंत कैद. आणि नादारीतून मुक्त होताना कोर्ट विचारते, रुपयाला निदान आठ आणे तरी धनकोंच्या पदरात पडतील एवढी मालमत्ता होती का. नसेल तर ते आपल्या दोषाने नाही हे दाखवावे लागते. अशिलाला पहिल्याच भेटीत हे सांगा. नंतर सांगितलेले त्याला दगाबाजी वाटते.

कैदेचे नाव निघाले म्हणून: केवळ पैसे नाहीत या कारणाने माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ऐपत असून टाळाटाळ हवी. गावोगाव वसुलीवाले अजून 'आत टाकू' म्हणतात, आणि लोक ऐकून घेतात.

आता त्या जाळ्याकडे येतो. डोल मारणारा कोळी हा 'कारागीर' आहे का? जाळे तो स्वतः दुरुस्त करतो, पूर्वी विणतही असे, म्हणून आहे म्हणता येईल. समुद्र ही त्याची शेती, म्हणून तो शेतकरी म्हणता येईल का? हा युक्तिवाद मी दोनदा केला आहे. त्यात जोर कमी आणि अलंकार जास्त. आणि होडीचे काय, इंजिनाचे काय, फिश फाइंडरचे काय? 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या दोन महिन्यांत उत्पन्न शून्य असताना दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचे काय? 2016 च्या संहितेत 'व्यवसायासाठी आवश्यक हत्यारे, वाहने आणि इतर उपकरणे' असे मोकळे शब्द आहेत, त्यांत होडी सहज बसते. पण तो भाग नाखव्याला लागू नाही, आणि होडी बोजाविरहित नाही. 1908 च्या यादीत तो नाही, 2016 च्या यादीत त्याची होडी आहे पण तो नाही. ज्या जिल्ह्याला एवढा किनारा आहे तिथल्या अभ्यासकांनी हे काम करायला हवे होते. माझ्या पिढीने केले नाही.

पुढची प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. पगारदारांचे आधी वाचा, घरात लगेच उपयोग होतो. जप्तीचे पंचनामे कसे वाचावेत हे प्रकरण सावकाश वाचा, कारण त्यात बेलिफांचे हस्ताक्षर लावावे लागते, आणि एखाद्या घरी ते उंबऱ्यापाशी का थांबले हे फक्त न लिहिलेल्या वस्तूंवरून ओळखावे लागते. त्या दिवशीच्या आमच्या पंचनाम्यात जाळ्याचा उल्लेख नाही. मी तो कागद अजून जपून ठेवला आहे. माझ्या पक्षकाराने नंतर मला वकील म्हणून काढले, तेही योग्यच.

एक विनंती. किनाऱ्यावरच्या गावांत, रेवदंड्यापासून रेवसपर्यंत, घराघरांच्या ट्रंकांत जुने कर्जरोखे, जप्तीचे पंचनामे, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चे वसुलीचे दाखले, सावकाराच्या पावत्या पडलेल्या असतात. अब्रूखातर लोक ते जाळतात किंवा पाण्यात सोडतात. कृपा करून तसे करू नका. नावे खोडून प्रत दिलीत तरी चालेल. जाळी, होड्या, इंजिने लिहिलेले कागद असतील तर ते आधी द्या. जिल्हा न्यायालयाच्या आवारात, बार रूममध्ये, कामकाजाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुट्टीत मी असतो.

अलिबाग, नारळी पौर्णिमा